डावी टाच

चऱ्होली,
ता. २६ जानेवारी २०२६, सोमवार

चि. तनुजा,

चऱ्होलीच्या रुक्मिणीआजीचे तुला पोटभर आशीर्वाद. इकडं आमी सारी बरी हाओत, तुझं तू लिही, आणि खरं लिही. पाकिटावर तुझ्या नावाआधी गं. भा. घालावं असं सून म्हणाली. मी म्हटलं, तिचा मालक जाऊन पंधरा वरसं झाली, ते पोस्टमनला सांगून काय करायचंय. म्हणून नुसतं चिरंजीव लिहिलंय.

आधी गोड बातमी. आमची नातसून निशिगंधा मोकळी झाली. गेल्या मंगळवारी, सकाळी सव्वानवाला. मुलगी. पावणेतीन किलो. डोक्यावर जावळ इतकं की नर्सबाई म्हणाली, आजी, हिला कंगवा घेऊनच या.

पणजी झाले मी, तनुजा. ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. नर्स म्हणाली, "आजी, धरता येईल ना?" मी म्हटलं, "बाई, तुझ्यासारख्या पाचजणींना या हातानं न्हाऊ घातलंय." तेवढ्यात पोरीनं माझ्या लुगड्यावर शी केली. मी इतकी हसले की पलीकडच्या खाटेवरची बाळंतीण उठून बसली. किती महिन्यांनी हसले ते माझं मलाच आठवेना.

सगळी म्हणतात, गणराजवर गेलीय. मी म्हणते, सहा दिवसाचं लेकरू कुणावर जात न्हाई, ते उकडून सोललेल्या बटाट्यावर जातं. पण कान त्याचे हायेत, बाहेर आलेले. गणराजला शाळेत पोरं त्यावरनं चिडवायची. हिला चिडवलं तर मी शाळेत जाऊन बसंन.

दिवसातनं वीसदा जाऊन बघते. सून म्हणते, "आत्या, तुमचीच नजर लागंल तिला." न्हाऊ घालायला बाई लावायची म्हणत व्हते, मी म्हटलं, मी काय मेले का. सकाळी उन्हात धरायची तेवढी घाई करावी लागते. आमच्या शेजारच्या वावरात चौदा मजल्यांच्या चार इमारती उभ्या राहिल्यात. त्यांची सावली आमच्या अंगणात सकाळी दहालाच येते. वाटाण्याचं वावर व्हतं गं ते. आता वर चौदाव्या मजल्यावरनं कुणीतरी बाई आमच्या अंगणात केस टाकते.

आज झेंडावंदन. त्या इमारतीवाल्यांनी समाधानला, माझ्या लेकाला, झेंडा चढवायला बोलावलं. शहिदाचे वडील म्हणून. कंपनीनं सुट्टी न्हाई दिली, मग त्यानं फर्स्ट शिफ्टची सेकंड करून घेतली. पांढरा शर्ट घालून गेला. गेटावर केवढा तरी फ्लेक्स लावलाय. मधी सोपानरावांचा फोटो, ते औंदा निवडणुकीला उभे व्हते ना, ते. त्यांच्या भोवती त्यांची वीस माणसं. आणि खाली कोपऱ्यात आमचा गणराज, गणवेशातला, तिकिटाएवढा. समाधाननं दोरी ओढली, झेंडा अडकला. खालनं कुणीतरी म्हणालं, "जोरात ओढा काका." त्यानं जोरात ओढली. घरी येऊन शर्ट काढला आणि डबा घेऊन चाकणला गेला. त्या गेटाला गणराजचं नाव देणार हायेत म्हणे. गेटाला. म्हणजे रोज कुरियरवाला त्याच्या नावाखालनं पार्सल घेऊन जाणार.

परवा ते विमान समुद्रात पडल्याला तीन महिने होतील.

तुला फोन केला असता. चारदा केला. तू उचलतेस आणि "आजी, ठेवते, लाईन मोकळी पायजे" म्हणून ठेवतेस. तुझ्या नवनाथचा फोन यायचा म्हणून. मी काय बोलणार. म्हणून हे पत्र, आणि तेही माझ्या हातानं. नात शेजारी बसून लिहून देते म्हणत व्हती, तिला म्हटलं, नको, मला तिसरीपर्यंतचं येतंय, तेवढ्यात मावंल. अक्षर मोठं आलंय, चालवून घे.

बारसं सव्वा महिन्यानं, सत्तावीस फेब्रुवारीला, शुक्रवारी. वाजतगाजत न्हाई, घरातल्या घरात. तू यावंस. एक दिवस फोन आमच्या घरी वाजला तर काय बिघडतंय. त्या विमानाच्या तळावर सहा दिवस आपण एका बाकावर बसलो, तुझं डोकं माझ्या खांद्यावर पडायचं, ते मी विसरले न्हाई. तू आलीस तर मला बरं वाटंल. म्हणजे तुझ्यासाठी म्हणते मी. तुलाही बरं वाटंल.

जेवत जा.

तुझी,
रुक्मिणीआजी


चऱ्होली,
ता. ११ फेब्रुवारी २०२६

चि. तनुजा,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, हळीव मिळाले, बाजरी मिळाली. तुझ्या वडूजच्या त्या माणसानं पिशवी आळंदीत कुणाकडं तरी दिली आणि त्यानं ती चार दिवस ठेवून घेतली, पण पोचली. हळिवाचे लाडू केले. निशिगंधा तोंड वाकडं करते आणि खाते. आता खाते ती सगळं.

पोरगी गुणाची हाय. आंघोळ झाली की तीन तास हलत न्हाई. काल पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली. सून म्हणते, आत्या, तो वारा आलाय पोटात. असू दे वारा. मला बघून आला ना. नाव योगिनी ठरतंय. निशिगंधानं ठरवलं. गणराजच्या मनात काय नाव व्हतं ते तिला ठाऊक हाय, पण ते ती सांगत न्हाई आणि ठेवतही न्हाई.

नवनाथचं लहानपणचं झबलं तू पाठवलंस. एवढी वरसं जपलंस, निळी फुलं अजून तशीच. पोरीला अजून घातलं न्हाई. मोठं होतंय तिला. घालीन नंतर.

तू बारशाला येत न्हाईस हे वाचलं. घर बंद ठेवता येत न्हाई, नवनाथ आला तर दाराला कुलूप नको, असं लिहिलंस. बरं.

आणि शेवटी तू ते विचारलंस. आत खोलीत तुमी काय बघितलं, आजी, मला एकदा नीट सांगा, म्हणून.

काय सांगू, तनुजा. विमानात सहाजण. चौघं पहिल्या दोन दिवसांत सापडले, त्यांच्या घरची रडून, पेट्या घेऊन गेली. राहिले दोघं, तुझा आणि माझा. सहाव्या दिवशी सकाळी एकजण मिळाला. ते तरणे साहेब आले, टोपी काखेत धरलेली, म्हणाले, दोन्ही घरच्यांनी यायचं. तू बाकाला धरून बसलीस. "मी येत न्हाई, माझा जिता हाय, मी मेलेलं कशाला बघू." समाधान दारापर्यंत आला आणि मागं फिरला. मग मी गेले. म्हातारं माणूस, बघण्यात जन्म गेलाय.

कमरेला करदोडा व्हता. काळा, पाच पदरी, माझ्या हातचा. माझी गाठ येगळी असते, तीन येढे आणि टोक आत दाबलेलं, आईनं शिकवलेली, दुसरं कुणी मारत न्हाई. ती बघितली आणि बाहेर येऊन सांगितलं, आमचा हाय. एवढंच. बाकी बघण्यासारखं तिथं काही राहिलं न्हवतं, आणि तुला ते लिहून मी काय मिळवू.

करदोड्याचा विषय निघाला म्हणून सांगते, हल्ली बाजारात नायलॉनचे मिळतात, ते अंगाला काचतात. सुताचाच पायजे. पोरीला बारशाला कमरेला बांधायला पांढऱ्या सुताचा मऊ वळलाय. सून म्हणते, मुलीला कशाला. मी म्हटलं, मुलीला कंबर नसते का.

डोळ्यांत पाणी येतंय लिहिताना, मोतीबिंदूचं हाय. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यानंतर करू म्हणतो समाधान.

ते आत काय बघितलं ते तू डोक्यातनं काढून टाक.

तुझी,
रुक्मिणीआजी


चऱ्होली,
ता. ५ मार्च २०२६, गुरुवार

तनुजा,

परवा धुळवडीला ग्रहण सुटलं. ग्रहण सुटलं की आमच्याकडं जुना करदोडा काढून नवा बांधायचा, सासूच्या काळापासनं चालत आलंय. घरात बाप्ये माणसं असतील तितके मी आठ दिवस आधी वळून ठेवते. या खेपेला एकही वळला न्हाई. समाधान म्हणाला, "आई, विसरलीस व्हय?" मी व्हय म्हटलं.

तुझं दुसरं पत्र धुळवडीच्या आदल्या दिवशी आलं. ते मी सातदा वाचलं. त्या देवऋष्यानं तुला सांगितलं की नवनाथ जिता हाय, कुठल्यातरी बेटावर मासे खाऊन राहिलाय, त्याची आठवण गेलीय, आणि मासेमारीच्या बोटी कधी ना कधी त्याला आणतील. आणि तू घर आवरून तिकडं तळाच्या बंदराला जाऊन राहणार. एका कोळणीच्या पडवीत जागा बघितलीस. येईल त्या बोटीला जाऊन विचारणार. विहिरीत पोहायला शिकलेलं पोर बुडत न्हाई, असं लिहिलंस. पाडव्याला निघणार.

जाऊ नकोस.

आता सांगते. हे मी चार महिने तोंडात धरून बसलेय, आणि मागच्या पत्रात मी तुला अर्धं सांगितलं. जे सांगितलं ते खोटं न्हाई. गाठ माझीच व्हती.

पण ती गाठ दोघांच्या कमरेला व्हती. तुला ठाऊक न्हाई, मला ठाऊक हाय. गणपतीला दोघं सुट्टीवर आले, नवनाथ आमच्याकडंच राहिला चार दिवस. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण व्हतं, ते सुटून सकाळी दोघांनी आंघोळी केल्या. मी गणराजला करदोडा बांधत व्हते तर नवनाथ टॉवेल गुंडाळून पुढं आला, "आजी, मला न्हाई का? मी काय सावत्र?" गणराज म्हणाला, "आजी, याला बांधू नको, याचं पोट सुटलंय, दोन लागतील." मी दोघांना बांधले. एकाच सुताचे, एकाच बैठकीत वळलेले.

म्हणून गाठीनं काही ठरत न्हवतं. मला ते खोलीच्या दारातच माहीत व्हतं.

ठरलं ते पायानं. त्या चार दिवसांत मी दोघांचे तळवे काशाच्या वाटीनं चोळले व्हते. विमानात आठ-आठ तास बसून पाय जळजळतात म्हणायचे. तूप लावून वाटी फिरवायची, मग ती काळी होते, मग बरं वाटतं. तळवा हातात धरला की माणूस समजतं, तनुजा. गणराजच्या डाव्या टाचेला भाजल्याची मोठी खूण हाय, चिमटा काढल्यासारखी आत ओढलेली. समाधान तवा कासारवाडीला वर्कशॉपमधी लेथवर व्हता, पोरगं पाच वरसाचं, अनवाणी आत पळालं आणि लोखंडाच्या गरम कापांवर पाय पडला. वाटी फिरवताना ती खूण माझ्या बोटाला लागायची. नवनाथची टाच गुळगुळीत. त्याच्या डाव्या पायाच्या करंगळीला नखच न्हाई, जन्मापासनं. मी त्याला म्हटलं व्हतं, "तुझ्या आईनं नख द्यायचं विसरलं का रं?" तो म्हणाला, "तिला विचारतो, आजी."

चादर कमरेपर्यंत खाली केली त्यांनी. वर काही ओळखण्यासारखं न्हवतं. मग मीच म्हटलं, पाय दाखवा. डाव्या पायातला बूट तसाच राहिला व्हता, तो तिथल्या कामाच्या पोरानं कापून काढला. पाय पांढरा पडलेला, पण सगळा. मी हातात घेतला. साहेब नको नको म्हणत व्हते.

टाच गुळगुळीत व्हती. करंगळीला नख न्हवतं.

तुझा नवनाथ व्हता तो.

मी बाहेर आले आणि म्हणाले, आमचा गणराज हाय. माझ्या हातची गाठ हाय.

का, ते ऐक. माफी मागायला न्हाई सांगत. त्या दिवशी सकाळी, साहेब यायच्या आधी, घरनं सुनेचा फोन आला व्हता. "आत्या, निशिगंधा सहा दिवस झाले काही घेत न्हाई. गणराज आल्याशिवाय आता पाणीसुद्धा न्हाई म्हणते. डॉक्टर म्हणतात पोटातल्याची हालचाल मंद झालीय. काहीतरी सांगा हिला." सहावा महिना सरलेला, तनुजा. मी काय सांगणार व्हते तिला. गेला म्हटलं तर ती म्हणायची, दाखवा. दाखवायला काही न्हवतं. आणि मग आत गेले, तर तिथं एक पोर निजलेलं, माझ्या करदोड्याचं, माझ्या घरात जेवलेलं. आणि तू बाहेर बाकावर, माझा जिता हाय म्हणून बसलेली. मला वाटलं, हिला तर नकोच हाय. हिला नको, आणि मला पायजे.

साहेबांनी विचारलं, आजी, खात्री हाय ना, न्हाईतर रक्ताची तपासणी करू, तीन आठवडे लागतील. समाधानच्या दंडाला पट्टा बांधून झाला व्हता. मी म्हटलं, माझी गाठ मी ओळखत न्हाई का, सोडा त्याला. त्यांनाही बरंच वाटलं असणार, यादीतलं एक नाव कमी. मी फोनवर निशिगंधाला सांगितलं, सापडला, घेऊन येतोय, आता उठ. त्या दिवशी ती अर्धी भाकरी आणि ताक जेवली. सुनेनं मला फोनवर सांगितलं आणि मी त्या तळावर, तुझ्या शेजारी बसून, देवाचे आभार मानले. तुझं डोकं माझ्या खांद्यावर व्हतं तवा.

मग काय काय झालं ते तुला कळलेलंच हाय. इंद्रायणीच्या घाटावर तीन बंदुका उडाल्या. सोपानराव आले, त्यांची माणसं आली, भाषणं झाली, प्रत्येकजण गणराज गणराज म्हणत व्हता आणि मी एकटी मनात दुसरं नाव घेत व्हते. अग्नी समाधाननं दिला. तेरा दिवस सुतक पाळलं. चौथरा बांधला, त्यावर गणराजचं नाव कोरलं, काळ्या दगडात. रोज सकाळी मी तिथं फूल ठेवते. कुणाला ठेवते ते आजवर मी कुणाला सांगितलं न्हाई.

आणि माझा गणराज तिकडं पाण्यात. आणखी आठ दिवस शोधत व्हते, पण नवनाथ नावाच्या माणसाला. माझ्या पोराला कुणी शोधलंच न्हाई. ते मीच केलं. गुळगुळीत टाच घेऊन आले आणि भाजलेली तिथं टाकून दिली.

तुला वाटंल, म्हातारी चार महिने गप्प बसली ती आताच का बोलते. बोलणारच न्हवते, खरं सांगते. पोरगी झाली, मी खुशीत व्हते, म्हणत व्हते की देवानं मला माफ केलंय, न्हाईतर असली पोरगी दिली नसती. तू वाट बघतेस ते मला दिसत व्हतं, पण मला वाटायचं, बघता बघता थकंल, सवय होईल. तू बंदरावर जाऊन बोटी मोजत बसणार हे वाचलं आणि मला दिसलं की तुला सवय होणार न्हाई. तू त्या पडवीतच म्हातारी होशील. माझ्याएवढी.

काल सकाळी निशिगंधाला सांगितलं. आधी तिचा हक्क. ती पोरीला पाजत व्हती.

"म्हणजे मी ज्याच्यापुढं डोकं टेकते तो कोण हाय?" म्हणाली.

"नवनाथ."

"आणि हे?"

"पाण्यात."

तिनं पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं. मग म्हणाली, "आजी, तुमी मला विचारायचं व्हतं."

मी म्हटलं, "तू जेवत न्हवतीस."

"नसते जेवले," म्हणाली. "माझी भूक व्हती ती."

दुपारी तिचा भाऊ आला आणि ती पोरीला घेऊन ताथवड्याला माहेरी गेली. भांडली न्हाई, रडली न्हाई. माझ्या पाया पडायला वाकली न्हाई, जाताना नेहमी वाकते. पोरीचं तोंड तिनं पदराखाली झाकलं व्हतं, मला दिसलं न्हाई. परत येईल का ते कुणी मला सांगत न्हाई आणि विचारायचं तोंड मला न्हाई.

समाधानला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "आई, मी कुणाला पेटवलं?" तेवढंच. मग आज सकाळी त्यानं बसून अर्ज लिहिला, तळावरच्या साहेबांना. नेण्याआधी त्यांनी त्याच्या अंगाचा नमुना काढून ठेवला व्हता, कधी जुळवायची वेळ आली न्हाई. तुझं रक्त दिलंस की कळंल. अर्जाच्या खाली मी सही केली, मी बघून खोटं सांगितलं असं लिहून. समाधान म्हणाला, एवढं नको लिहू, चुकून म्हण. मी म्हटलं, चुकून न्हवतं.

तर तू पाडव्याला तिकडं जाऊ नकोस. त्या देवऋष्याला विचार, तुझ्या पोराच्या कुठल्या बोटाला नख न्हाई. त्याला सांगता येणार न्हाई, मला येतं. तुला अजून वाटत असंल की म्हातारीला भ्रम झालाय, तर रक्त दे, कागद येईपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवू नको. पण जाऊ नको. समुद्रावर ज्याची वाट बघायची तो माझा हाय, ती मी बघते. तुझा इथं हाय, आमच्या घाटावर, दुसऱ्याच्या नावाखाली.

स्वारगेटला उतर आणि आळंदीची बस धर. चऱ्होली फाट्यावर उतर. येत्या रविवारपासनं मी रोज सकाळी नवाला फाट्यावर येऊन बसंन, दुपारपर्यंत. तू कधी येशील ते कळवायची गरज न्हाई. घरी येऊ नकोस वाटलं तर नको येऊस. माझ्याशी बोलूही नकोस. मी पुढं चालंन, तू मागनं ये, घाट दाखवीन आणि बाजूला होईन. त्या दगडावरचं नाव काढायला समाधाननं गवंडी सांगितलाय, पण मी थांबवलंय. पहिला घाव कुणी घालायचा ते तू ठरव.

रडायचं तर तिथं रड. आमी तिथं खूप रडलो, पण ते तुझं रडणं व्हतं, आणि ते आमी तुझ्या माघारी रडून घेतलं.

तुझ्या पोराचं सरण पेटताना जिला ठाऊक व्हतं आणि जी गप्प उभी राहिली, ती
रुक्मिणी